बाहत्तरची भाकरी आणि आजचे कार्ब्ज

पुण्यात हल्ली सकाळी फिरायला बाहेर पडलं की भेटणारा ओळखीचा माणूस "बरं आहे ना?" च्या पाठोपाठ "मग, भात सोडलात की नाही अजून?" असं विचारतो. कोणी भात सोडलेला असतो, कोणी पोळी, कोणी दोन्ही. साखर तर सगळ्यांनीच सोडलेली असते (निदान सकाळी सातच्या सुमाराला तरी!). आमच्या शाळेच्या पुस्तकांत 'पिष्टमय पदार्थ' असायचे, पुढे त्यांची 'कर्बोदके' झाली आणि आता लहानथोर सगळेच 'कार्ब्ज' म्हणतात. ज्या गावात पंगतीचं जेवण वरणभाताने सुरू व्हायचं, मधे मसालेभाताला थांबायचं आणि ताकभाताने संपायचं, त्या गावात भाताचं नाव असं दबक्या आवाजात घेतलं जावं याची मला गंमत वाटते. थोडी काळजीही वाटते. ती का, ते पुढे सांगतो.

प्रश्न साधा आहे. वजन उतरवायचं तर कार्ब्ज सोडायलाच हवेत का? मी डॉक्टर नाही की आहारतज्ज्ञ नाही. मुलांना इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे कुठलाही प्रश्न समोर आला की तो आधी कोणी, कधी आणि कशासाठी विचारला होता हे शोधायची खोड लागली आहे. या प्रश्नासाठी तर फार लांब जावंही लागत नाही. माणसाला रोज किती धान्य लागतं, कमी मिळालं तर शरीर काय करतं, यावर पुण्यात गेली पन्नास-पंचावन्न वर्षं वाद आणि अभ्यास चालू आहे. फक्त तो सुरू झाला तेव्हा काळजी पोट सुटण्याची नव्हती, पोट भरण्याची होती.

१९७२ हे साल घ्या. त्या वर्षी अमेरिकेत रॉबर्ट अ‍ॅटकिन्स नावाच्या न्यूयॉर्कच्या हृदयरोगतज्ज्ञाचं एक पुस्तक आलं आणि धडाधड खपलं. मांस खा, अंडी खा, लोणी-चीज खा, पण पाव, बटाटा, भात आणि साखर यांना शिवू नका, वजन आपोआप उतरेल, असं त्यांचं सांगणं. कल्पना काही नवी नव्हती. १८६३ साली लंडनच्या विल्यम बँटिंग नावाच्या गृहस्थांनी (त्यांचा धंदा अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा, म्हणजे शवपेट्या वगैरे) एक छोटीशी पुस्तिका छापली होती. डॉक्टरांच्या सल्ल्याने पाव, साखर, बिअर, बटाटे सोडले आणि वर्षभरात चाळीसहून अधिक पौंड कसे उतरले, याची ती हकीकत. ती इतकी गाजली की इंग्रजीत 'बँटिंग करणे' हे वजन उतरवण्याचं क्रियापदच होऊन बसलं. म्हणजे पाव सोडून बारीक होण्याची गोष्ट दीडशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती जन्मली ती ज्यांना पाव, लोणी, मांस, बिअर सगळं भरपूर मिळत होतं त्यांच्यात.

अ‍ॅटकिन्स साहेबांचं पुस्तक तिकडे खपत होतं तेव्हा इकडे आपल्याकडे काय चाललं होतं? ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांना 'बाहत्तर' एवढंच म्हटलं तरी पुरे. सलग पाऊस गेलेला, विहिरी आटलेल्या, जनावरं मातीमोल भावाने विकलेली. सरकारने रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं अशी कामं काढली आणि १९७३ च्या मे महिन्यात त्या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. रोजगार हमी योजना आपल्याला आज माहीत आहे, तिला खरी पालवी फुटली ती या अनुभवातून.

त्या उन्हाळ्यात मी नुकताच बी. ए. होऊन मोकळा होतो आणि शिरूर तालुक्यातल्या एका पाझर तलावाच्या कामावर महिनाभर मस्टर लिहायचं काम मिळालं होतं. दुपारच्या सुट्टीत बायाबापड्यांची फडकी सुटायची. भाकरी, ठेचा, असला तर कांदा. भाकरी बहुतेकदा मिलोची. नव्या वाचकांसाठी सांगतो, मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. साठच्या दशकातल्या टंचाईत ती रेशनवर आली, आणि बाहत्तरला पुन्हा. तिची भाकरी थापताना तुटायची, रंगाने काळपट लाल व्हायची आणि गार झाली की वातड. बायका तिला मनसोक्त शिव्या घालत आणि तरी तीच खात. कामावर सुकडीही वाटली जायची. आजच्या भाषेत सांगायचं तर हे सगळं जेवण 'हाय कार्ब', त्यात तेलतूप नावाला आणि डाळ क्वचित. आणि त्या तीन-चारशे माणसांत पोट सुटलेला माणूस एकच होता, तो म्हणजे मुकादम!

आता यावरून भाकरीने माणूस बारीक होतो असं कोणी म्हणेल तर ती क्रूर थट्टा होईल. ती माणसं बारीक होती कारण दिवसभर माती वाहायला जेवढी ताकद लागे तेवढं पोटात जात नव्हतं. पण भाकरीत म्हणून काही असा गुण आहे की ती पोटात गेली की चरबी व्हायलाच हवी, हे मात्र त्या तलावाच्या भरावावर उभं राहून कोणाला पटलं नसतं.

आणि नेमकं त्याच सुमाराला पुण्यात दोन मोठी माणसं या भाकरीचा हिशेब मांडत होती. एक, गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. त्यांनी आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्यावरचा आपला प्रसिद्ध अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब कोणाला म्हणायचं? तर रोज माणशी २२५० उष्मांक पोटात जातील एवढाही खर्च ज्याला परवडत नाही त्याला. १९६०-६१ च्या किमतींना तो खर्च खेड्यात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये असा त्यांनी मांडला, आणि त्या हिशेबाने खेड्यातली ४० टक्के आणि शहरातली ५० टक्के माणसं रेषेखाली निघाली. हे उष्मांक येणार कुठून? अर्थात धान्यातून. गरिबाला सगळ्यात स्वस्तात उष्मांक देणारी वस्तू म्हणजे ज्वारी-बाजरी, गहू, तांदूळ. आज आपण ज्याला कार्ब्ज म्हणून नाकं मुरडतो ते त्या काळी दारिद्र्य मोजायचं माप होतं.

दुसरे, पांडुरंग वासुदेव सुखात्मे. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, फर्ग्युसनचे विद्यार्थी, संख्याशास्त्रज्ञ. १९५१ ते १९७० अशी जवळजवळ वीस वर्षं ते रोमला जागतिक अन्न आणि शेती संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते. त्या काळात सगळ्या जगाने असं धरलं होतं की गरीब देशांत खरी टंचाई प्रथिनांची आहे. म्हणून दूध पावडर पाठवा, प्रथिनांची बिस्किटं काढा, मासळीचं पीठ करा. सुखात्म्यांनी आकडे मांडून दाखवलं की ज्वारी-डाळ, गहू-डाळ असं आपलं साधं जेवण पोटभर मिळालं तर त्यातून प्रथिनंही बहुतेकांना पुरेशी मिळतात. पोटभर मिळत नाही, म्हणून शरीर खाल्लेली प्रथिनंच सरपणासारखी जाळून टाकतं. म्हणजे आधी सरपण पुरवा.

पुढे पुण्यात परतल्यावर ते विधी महाविद्यालय रस्त्यावरच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत (आताची आघारकर संशोधन संस्था) काम करू लागले, आणि दांडेकरांशी त्यांचा जो वाद झाला तो अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना अजून वाचावा लागतो. सुखात्म्यांचं म्हणणं, एकाच माणसाची गरज रोज सारखी नसते, आणि खाणं काही मर्यादेत कमी झालं तर शरीर खर्चही कमी करून जुळवून घेतं. म्हणून २२५० ची रेघ मारून तिच्या खालचे सगळे उपाशी असं म्हणता येणार नाही. दांडेकरांना हे मान्य नव्हतं. अशाने उपाशी माणूस कागदावर जेवलेला ठरेल, अशी त्यांची धास्ती. माझा कल या बाबतीत दांडेकरांकडे आहे, कारण मी ते मस्टर लिहिलेलं आहे. शरीराने 'जुळवून घेणं' म्हणजे काय ते तिथे दिसत होतं. माणूस जगतो, पण टोपलं उचलताना दोनदा थांबतो.

पण गंमत बघा, सुखात्म्यांचा तोच मुद्दा आज डाएट करणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला येतो. पहिले दोन महिने काटा खाली जातो आणि मग हटून बसतो. का? शरीराने जुळवून घेतलेलं असतं.

याचा सगळ्यात कठोर पुरावा दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात मिळाला. युरोपातल्या उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा खाऊपिऊ कसं घालायचं हे ठरवण्यासाठी अ‍ॅन्सेल कीज यांनी १९४५ साली ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं. ते तरुण युद्धात लढायला नकार दिलेले, स्वतःहून तयार झालेले. रोज सुमारे १६०० उष्मांक, आणि जेवण कसलं? बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. म्हणजे आजचे आहारतज्ज्ञ ज्यावर लाल फुली मारतील तेच सगळं! त्यांचं वजन सुमारे एक चतुर्थांश उतरलं, आणि शरीराचा बसल्याजागचा उष्मांकांचा खर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी खाली आला. याच अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनर नावाचे डॉक्टर १९३९ पासून रक्तदाबाच्या आणि मूत्रपिंडाच्या रोग्यांना जवळजवळ फक्त पांढरा भात, फळं आणि साखर देत होते. त्यांच्या रोग्यांची वजनं इतकी उतरली की पुढे लोक वजन उतरवण्यासाठी म्हणून तिथे येऊ लागले. (हे वाचून उद्यापासून कोणी साखरभात सुरू करू नये. ते सगळं डॉक्टरांच्या कडक देखरेखीखाली चाले आणि ते जेवण इतकं बेचव असे की जास्त खाणं शक्यच नव्हतं.)

तेव्हा 'सोडायलाच हवेत का' याचं उत्तर इतिहासाने देऊन ठेवलेलं आहे. नाही. भात-बटाट्यांवर राहूनही वजन उतरतं, पोटात जाणारं एकूण खाणं खर्चापेक्षा कमी असलं म्हणजे झालं.

मग भात सोडून बारीक झालेली माणसं आपल्याला दिसतात ती खोटी का? मुळीच नाही. त्यांचंही वजन उतरतंच, आणि पहिल्या आठवड्यात तर झपाट्याने उतरतं. त्याचं एक कारण असं की आपल्या यकृतात आणि स्नायूंत पिष्टाचा थोडा साठा असतो, आणि तो आपल्या तिप्पट वजनाचं पाणी धरून असतो. कार्ब्ज बंद केले की साठा संपतो, पाणी निघून जातं, काटा दोन किलो खाली येतो आणि माणूस पेढे वाटायच्या बेतात येतो. पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. कार्ब्ज सोडले की त्यांच्याबरोबर किती गोष्टी जातात ते पाहा. पोळी गेली की पोळीवरचं तूप गेलं. बिस्किटं, खारी, क्रीमरोल, वडापाव, लग्नातली जिलबी, सगळं गेलं. भाकरवडीचं नाव कार्ब्जच्या यादीत घालून आपण ती सोडतो, तेव्हा तिच्यातलं तेल मात्र निर्दोष सुटतं! खरं तर एका ग्रॅम पिष्टात चार उष्मांक, एका ग्रॅम तेलात नऊ. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० उष्मांक. बाहत्तरच्या त्या फडक्यात हा चमचा नव्हता, हा फरक भाकरीपेक्षा मोठा आहे.

या गोष्टी नीट तोलूनही पाहिल्या गेल्या आहेत. २००९ साली अमेरिकेत ८११ जणांवर दोन वर्षं चाललेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात उष्मांकांपैकी कार्ब्जचा वाटा कुणाला ३५ टक्के, कुणाला ६५ टक्के असा वेगवेगळा ठेवला होता. दोन वर्षांनी सगळ्या गटांचं वजन सारखंच उतरलेलं. २०१८ साली स्टॅनफर्डच्या क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ माणसांना दोन गटांत विभागलं, अर्ध्यांनी स्निग्ध पदार्थ कमी करायचे, अर्ध्यांनी कार्ब्ज. वर्षाअखेर पहिल्यांचं सरासरी ५.३ किलो उतरलं, दुसऱ्यांचं ६ किलो. फरक नगण्य. मला त्यातली आणखी एक गोष्ट जास्त बोलकी वाटली. दोन्ही गटांना साखर आणि मैदा कमी करायला, भाज्या भरपूर खायला सांगितलं होतं आणि उष्मांक मोजायला सांगितलेच नव्हते. तरी दोघांचंही खाणं आपसूक कमी झालं.

आपल्याकडे हा वाद रंगला तो २०१८ च्या सुमारास, दीक्षित विरुद्ध दिवेकर असा. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी नागपूरच्या कै. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारावरून दिवसातून दोनदाच, कडकडून भूक लागेल तेव्हा आणि ५५ मिनिटांत जेवण आटपायचं, असा मार्ग सांगितला. त्यात रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही आहे, ज्याचा बऱ्याच भक्तांना विसर पडतो. ऋजुता दिवेकर म्हणत होत्या की थोड्या थोड्या वेळाने खा, भात खा, तूप खा, आजीने सांगितलेलं खा. घराघरांत दोन पक्ष पडले. आमच्या कट्ट्यावर तर एकाच बाकावरची दोन टोकं वाटून घेतली गेली. माझ्या मते दोघांच्याही मागे जाणाऱ्या लोकांचं जे वजन उतरलं ते एकाच कारणाने उतरलं, येताजाता तोंडात टाकणं थांबलं. चहाबरोबरची बिस्किटं, टीव्हीसमोरचा चिवडा, कोणी आलं म्हणून बशीभर पोहे. एकाने ते घड्याळ लावून थांबवलं, दुसरीने आजीची आठवण काढून.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग मास्तर, आपला मसालेभात चालू ठेवू ना? थांबा. इथे पुण्यातलाच तिसरा अध्याय येतो, आणि तो सगळ्यात महत्त्वाचा आहे.

रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या लक्षात आलं की इंग्रजी पुस्तकात वर्णन केलेला मधुमेही लठ्ठ आणि वयस्क असतो, पण त्यांच्यासमोर येणारा मधुमेही मात्र बारीक आणि तरुण आहे. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघे शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक असतो तो दोघांचाही २२.३, अगदी सारखा. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्यावर सारखे, आतून वेगळे. याला ते 'थिन-फॅट' म्हणतात, मी 'बारीक लठ्ठ' म्हणतो.

ही चरबी आली कुठून? भातातून? १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी गरोदर बायकांची आणि त्यांच्या बाळांची नोंद ठेवायला सुरुवात केली, ती मुलं आता मोठी झाली आहेत. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं डोक्याने, दंडाने, पोटाने, सगळ्याने लहान. पण पाठीवरच्या कातडीची चिमूट धरून चरबी मोजली तर ती मात्र फारशी कमी नव्हती. ज्या बाळाने अजून मऊभाताचा कणही चाखलेला नाही, त्याच्या अंगावर स्नायू कमी आणि चरबी राखलेली! पिढ्यान्‌पिढ्यांच्या अर्धपोटी आयांच्या पोटात बाळ असं घडत असावं, असं याज्ञिकांचं मत आहे. बाहत्तर साली टोपली वाहणाऱ्या त्या बायकांच्या नाती या गावांमधून असतील, हे वाचताना माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.

त्याच अभ्यासात आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी या गरोदर बायका काय खातात ते बारकाईने लिहून काढलं (सुखात्म्यांनी जिथे बसून आकडे मांडले तीच ही संस्था). २००१ साली निष्कर्ष आला. बाळाच्या जन्माच्या आकाराचा संबंध आईने खाल्लेल्या एकूण उष्मांकांशी किंवा प्रथिनांशी फारसा दिसेना. तो दिसला दुधाशी, हिरव्या पालेभाज्यांशी आणि फळांशी. म्हणजे भाकरीने पोट भरत होतं, पण भाकरीशेजारची जागा रिकामी होती.

मला या सगळ्याचा अर्थ असा लागतो. आपल्या ताटात दोष भाकरीचा नाही, तिच्या एकटेपणाचा आहे. २०२५ साली चेन्नईच्या संशोधकांनी आयसीएमआरबरोबर केलेल्या देशभरच्या पाहणीचे आकडे आले, त्यात भारतीय माणसाच्या रोजच्या उष्मांकांपैकी ६२ टक्के कार्ब्जमधून येतात असं दिसलं. हे फार आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या सूचनांत धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांच्या वर नको असं म्हटलं आहे. आणि चेन्नईच्या त्या पाहणीतली एक गोष्ट तर सगळ्या नाचणी-ज्वारीप्रेमींनी (त्यात मीही आलो) लिहून ठेवावी. नुसता तांदूळ काढून त्या जागी गव्हाचं किंवा भरड धान्याचं पीठ आणलं, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. एकूण धान्य थोडं कमी करून त्या जागी डाळी, दूध-दही, अंडी यांतली प्रथिनं आली तर दिसतो. तीन पोळ्यांच्या जागी तीन भाकऱ्या खाऊन 'मिलेट डाएट' चालू आहे म्हणणाऱ्या माझ्या मित्रांना हे मी सांगून पाहिलं. त्यांनी विषय बदलला.

तर वजनासाठी कार्ब्ज सोडायची गरज नाही, पण आपल्या ताटात त्यांचीच गर्दी असल्याने कमी करायला घेतलं की कात्री बहुधा त्यांनाच लागणार, इतकं हे साधं गणित आहे. सोडणं आणि कमी करणं यात मात्र फरक आहे. माझ्या वयाच्या माणसांनी तर तो नीट लक्षात घ्यावा. सत्तरीनंतर अंगातले स्नायू तसेही झिजत असतात. एकदम खाणं तोडलं की काटा खाली जातो तो चरबीचा की मांडीच्या ताकदीचा, हे काटा सांगत नाही. आणि मधुमेहाची काही औषधं किंवा इन्शुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता भात-पोळी बंद केली तर साखर एकदम खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडू शकतो. सुरुवातीला काळजी म्हटलं ती ही.

दुसरी काळजी आमच्याकडे पोळ्यांना येणाऱ्या मावशींमुळे वाटू लागली. त्यांचं वजन असेल पंचेचाळीस किलो, त्यांना लठ्ठ म्हणायची कोणाची छाती नाही. चार घरची कामं, सगळी पायी. गेल्या वर्षी त्यांच्या रक्तात साखर निघाली. एक दिवस पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "काका, त्या समोरच्या वहिनींनी भात-पोळी बंद केली, त्यांची शुगर उतरली. मी पण भाकरी बंद करू का?" मी म्हटलं, "मावशी, तुम्ही गोळ्या घेताय, आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. आणि भाकरी बंद केलीत तर खाल काय?" त्यावर त्या हसल्या नुसत्या. समोरच्या वहिनी भाताच्या जागी पनीर आणि बदाम खातात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, कारण तिथली भांडी त्याच घासतात.

डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, भाकरी तीनाची दीड करा, बरोबर वाटीभर उसळ, दही, पालेभाजी आणि जमलं तर एक अंडं. सल्ला अगदी योग्य, याज्ञिक-राव यांच्या अभ्यासाला धरून. पण मावशींच्या घरी महिन्याला काय येतं ते पाहा. रेशनवर माणशी पाच किलो धान्य, २०२३ पासून फुकट, मुख्यतः गहू आणि तांदूळ. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' वाटला, त्यात होतं काय? किलोभर रवा, किलोभर साखर, लिटरभर पामतेल आणि, नशीब, किलोभर चणाडाळ. उपाशी माणसाचे उष्मांक भरून काढायचे हे जे काम आपण दांडेकर-रथांच्या काळात हाती घेतलं, ते या दुकानाने इमानेइतबारे केलं, मिलोपासून आजपर्यंत. त्याबद्दल नावं ठेवायची माझी इच्छा नाही. बाहत्तरला ते धान्य नसतं तर काय झालं असतं हे मी पाहिलेलं आहे. पण ताटातली जी रिकामी जागा शोभाताईंनी दाखवून दिली ती अजून दुकानाच्या यादीत नीटशी आलेली नाही. पाच किलोंपैकी एक किलो डाळ किंवा मटकी देता येणार नाही का, हा प्रश्न कार्ब्ज सोडावेत की नाही यापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि तो सकाळच्या कट्ट्यावर कोणी काढत नाही.

मावशींनी तूर्त त्यातून वाट काढली आहे. घरच्या तांदळातला थोडा शेजारणीला देऊन तिच्याकडून गावची मटकी आणि हुलगे घेतात. भाकरी दोनवर आणली आहे, दीड त्यांना जमत नाही. अंडं रविवारी. पुढच्या महिन्यात त्यांची रक्ततपासणी आहे.